इदवालनं खिंड सोडली

हाफोदचा इदवाल खाली मान घालून चालतोय हे मी पहिल्यांदा बघितलं ते दोन हजार एकोणीस साली. त्याआधी हा माणूस खाली बघायचा तो मेंढीच्या खुरात काही सललंय का एवढंच बघायला. एरवी मान ताठ, टोपी मागं सरकवलेली, आणि आवाज असा की ह्यानं अंगणात खाकरलं तर ओढ्यापलीकडची कुत्री उठून उभी राहायची.

वेल्सच्या ह्या डोंगरात माणसाला आडनावानं कुणी ओळखत नाही, घराच्या नावानं ओळखतात. ओढ्याच्या अलीकडं हाफोदचा इदवाल, पलीकडं गार्थचा एमलिन, आणि खालच्या अंगाला ब्रिनची मी. माझा नवरा गेल्यापासून आमची मेंढरं मीच बघते. त्यामुळं जे सांगतेय त्यातलं बरंचसं माझ्या डोळ्यांदेखतचं आहे, आणि जे नाही ते इदवालनं पुढं सगळ्यांसमोर आपल्या तोंडानं सांगितलेलं आहे.

डोंगर सगळ्यांचा. वर कुंपण नाही, बांध नाही, काही नाही. तरी ज्याचं त्याचं मेंढरू ज्याच्या त्याच्या रानात चरतं. कारण आईनं कोकराला तेच रान दाखवलेलं असतं, तिला तिच्या आईनं दाखवलेलं असतं. मेंढरानं रान धरलंय, असं आम्ही म्हणतो. आणि एक गोष्ट बाहेरच्याच्या ध्यानात येत नाही: माझी मेंढी तिच्या हद्दीच्या पुढं जात नाही, कारण पुढं शेजाऱ्याची मेंढी उभी असते. तेवढंच कुंपण. डोंगरावरचा कळप विकला की ते रान मोडलं. बाजारातून दुसरी मेंढरं आणून वर सोडली, तर सांजच्याला ती डांबरी रस्त्यावर बसलेली असतात.

वर्षातून चार-पाच वेळा हाका असतो. सगळ्या घरांनी एकाच दिवशी, एकदम वर जायचं आणि डोंगर रिकामा करून मेंढरं खाली वाड्यात आणायची. प्रत्येकाची जागा ठरलेली. कुणी कड्याच्या माथ्यावर, कुणी दलदलीच्या काठाला. आणि एक नियम बापजाद्यांपासूनचा: शेजारच्या जागेवरून हाक आल्याशिवाय आपली जागा सोडायची नाही. पाऊस येवो, धुकं येवो, पायाला मुंग्या येवोत.

ह्या हाक्याचा म्होरक्या इदवाल. तीस वर्षं झाली असतील. त्याची जागा खिंडीत. एका बाजूला काळा कडा, दुसऱ्या बाजूला दलदल, मधे बैलगाडी जाईल एवढी वाट. एमलिन मागच्या उतारावरून आपली मेंढरं उठवत आणायचा, इदवाल खिंडीत हात पसरून उभा राहायचा, आणि मेंढरं त्याला बघून खाली वळायची. तो नसला तर ती सरळ कड्यावर चढणार. एवढा साधा हिशेब.

दोघं एका शाळेत, एका बाकावर. एमलिननं लग्न केलं नाही. दर रविवारी प्रार्थना उरकली की तो हाफोदला जेवायला यायचा. इदवालची बायको मेन्ना त्याला म्हणायची, "भावजी, तुमचं ताट ह्या घरात माझ्याआधीपासनं हाय." एमलिन बारीक चणीचा, सावकाश बोलणारा, पण बोलला की माणूस सोलून निघायचा. आणि त्याचा कुत्रा मॉट. काळा, एक कान पांढरा. मॉट भुंकायचा नाही, पळवायचा नाही. पोट जमिनीला लावून असा सरकायचा की मेंढ्यांना वाटावं आपण आपल्याच मनानं वळलो.

दोन हजार सोळाच्या उन्हाळ्यात देशानं मत द्यायचं ठरलं: युरोपच्या बाजारात राहायचं की बाहेर पडायचं. इदवालनं रस्त्याकडच्या शेतात चाऱ्याचे काळ्या प्लास्टिकातले गठ्ठे रचले आणि त्यांवर पांढऱ्या रंगानं पुरुषभर उंच अक्षरं काढली: बाहेर.

त्याचा राग खरा होता, ते सांगायला हवं. युरोपच्या नियमांपायी एक तपासनीस आला होता. पोरसवदा, नवे बूट. इदवालच्या मेंढ्यांच्या कानात पिवळे बिल्ले नव्हते म्हणून त्यानं त्याला त्याच्याच वाड्यात उभं करून बोलणी दिली. इदवालचं म्हणणं, "माझ्या आज्यानं ह्या कानाला खाच दिलीया. बोटांनी चाचपून अंधारात सांगंन माझी मेंढी कोणती. आन ह्ये ब्रसेल्सचं पिवळं प्लास्टिक मला शिकवणार?"

एमलिन म्हणाला होता, "खाच ठेव की. पर आपली कोकरं खातंय कोण? फ्रान्सवाला. त्यो काय तुझ्या आज्याची खाच बघून घेतूय व्हय?"

हसण्यावारी गेलं. मत झालं, इदवालची बाजू जिंकली, त्यानं सगळ्यांना बियर पाजली. एमलिनही प्यायला. मग एक वर्ष गेलं, दुसरं गेलं. बाहेर पडायचं ठरलं होतं, पण पडायचं कसं हे कुणाला ठरवता येईना. गठ्ठ्यांवरची अक्षरं उन्हापावसानं फिकी झाली. इदवालनं तो चारा मेंढरांना घातला आणि प्लास्टिक गोठ्यामागं ढीग करून ठेवलं.

मग दोन हजार अठराचा नोव्हेंबर. मेंढ्यांत नर मेंढे सोडायच्या आधीचा हाका. त्याच आठवड्यात लंडनमधल्या सरकारनं कसाबसा एक करारनामा केला होता, आणि तो करणाऱ्यांतलेच मंत्री दुसऱ्या दिवशी राजीनामे देऊन मोकळे झाले होते. सकाळी डोंगराच्या पायथ्याला आम्ही सगळे जमलो. थंडी अशी की चहाच्या बाटलीचं झाकण उघडेना. इदवाल जागा वाटून देत होता.

एमलिन म्हणाला, "इदवाल, तुझ्या लोकांनी दार तेवढं उघाडलं आन उंबऱ्यावरच बसल्यात गा. आत न्हाईत, भाईर न्हाईत. थंडी सगळी घरात."

लोक हसले. इदवाल म्हणाला, "भाईर म्हंजे भाईर. जरा दम धर."

"दम धरतू की. पर फ्रान्सवाला धरंना. मार्चात भाईर पडायचं ठरलंय, त्याच्या फुडचं बोलायला त्यो तयारच न्हाई. तू त्याला चिठ्ठी लिव्ह. न्हाईतर असं कर, कोकरांच्याच अंगावर पांढऱ्या रंगानं लिव्ह, तुला सवय हाय."

आता मात्र सगळेच मोठ्यानं हसले. मीही हसले. इदवालच्या मानेवर लाल चट्टा चढला. तीस वर्षांत त्याच्यावर पायथ्याला कुणी हसलं नव्हतं. त्यानं टोपी ओढली आणि चढायला लागला.

वर धुकं उतरलं. मी दलदलीच्या काठाला होते, मला माझ्या काठीचं टोक दिसेना. इदवाल खिंडीत उभा राहिला. पुढं त्यानंच सांगितलं ते असं: उभा होता, आणि कानात ते हसणं वाजत होतं. एमलिनची हाक येईना. धुक्यात वेळ लागतो, हे त्याला ठाऊक होतं. पण त्याच्या मनात आलं, मी का म्हणून ह्याची वाट बघत उभा राहू? हा येईल, खिंड रिकामी दिसेल, जरा घाबरेल. मी खाली वाड्यात चहा पीत बसलेला असेन. मग हसू दे. सत्तरीला टेकलेला माणूस, आणि मनात आलं ते असलं, शाळेतल्या पोराच्या लायकीचं. त्यानं शीळ घालून आपला कुत्रा बोलावला आणि तो खाली उतरला.

एमलिनची मेंढरं मॉटच्या पुढं पुढं खिंडीत आली. हात पसरलेला माणूस नाही. ती वळली नाहीत, सरळ कड्यावर चढली, धुक्यात दिसेनाशी झाली. एमलिनच्या शिळा मी ऐकल्या. एकामागून एक, उंच, घाबरलेल्या. मॉटला एवढ्या अंतरात वळसा घालून पुढं जाता येणं शक्यच नव्हतं.

खाली आलो तर इदवाल वाड्याच्या फाटकाशी. चहा पीत नव्हता, उभा होता. एमलिन घामानं भिजलेला, चिखलानं माखलेला. म्हणाला, "इदवाल, काय झालं रं खिंडीत?"

आम्ही सगळे इदवालच्या तोंडाकडं बघत होतो. तिथं सांगितलं असतं तर शिव्या बसल्या असत्या, महिनाभर टोमणे झाले असते, आणि संपलं असतं. इदवाल म्हणाला, "तुजं कुत्रं लई जोरात आलं. मेंढरं बिथरली, माझ्या अंगावरनं गेली. म्या एकटा काय आडवणार?"

एमलिननं मॉटकडं बघितलं. मॉट त्याच्या पायाशी बसून धापा टाकत होता.

"मॉट?" एमलिन म्हणाला. "त्यो असं कवा करत न्हाई."

"म्हातारं झालं की डोस्कं फिरतं," इदवाल म्हणाला. "माणसाचं फिरतं, कुत्र्याचं फिरणार न्हाई व्हय?"

त्याच रात्री बर्फ पडलं. कड्याच्या पोटात गवताच्या हिरव्या पट्ट्या असतात. मेंढी त्या हिरव्याच्या आशेनं खाली उतरते आणि मग तिला वर येता येत नाही. चार दिवसांनी वाट मोकळी झाली तेव्हा एमलिन आणि मी दोरखंड घेऊन गेलो. काही वर काढली. बरीचशी कड्याखाली पडलेली सापडली, कावळ्यांनी डोळे काढलेली. एमलिन मेलेल्यांचे कान चाचपून बघत होता, आपलीच आहेत ना म्हणून, जसं काही दुसऱ्या कुणाची असती तर बरं झालं असतं.

आमच्यात कळप फोडणारा कुत्रा परत डोंगरावर नेत नाहीत. एमलिननं मॉटला बाजारगावात बहिणीकडं नेऊन सोडलं. ग्लेनिस तिचं नाव, रांगेतल्या घरात राहते, पुढच्या खोलीत गालिचा.

आणि त्या रविवारी एमलिन हाफोदला जेवायला गेला, कारण दर रविवारी जायचा. मेन्नानं मटणाची मांडी भाजली होती, पुदिन्याची चटणी केली होती. एमलिननं टोपी काढून मांडीवर ठेवली आणि म्हणाला, "इदवाल, मला माफ कर गड्या. माझ्या कुत्र्यानं मेंढरं तुझ्या अंगावर घातली. तू त्या वाटंत पडला असतास, तुडीवला गेला असतास, तर म्या मेन्नावैनींना काय तोंड दावलं असतं? आन त्या सकाळी म्या तुला लोकांत बोललो, त्ये बी चुकलंच."

इदवालनं हातातला घास ताटात ठेवला. पेलाभर पाणी प्यायला. मेन्ना म्हणाली, "अहो, मीठ जास्त पडलं का?"

"न्हाई," इदवाल म्हणाला. "ब्येस झालंय."

तिथून पुढं ह्या माणसाला अन्न गोड लागलं नाही. मेन्नानं मला सांगितलं, रात्रीचं उठून बसतात, विचारलं तर गुडघे दुखतात म्हणतात.

जानेवारीत लंडनला तो करारनामा मताला टाकला आणि असा पडला की कुणी कधी ऐकलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी इदवाल गार्थला गेला. सांगायचंच ठरवून गेला. एमलिन स्वयंपाकघरात रेडिओजवळ बसला होता. चुलीपाशी मॉटचं पोतं तसंच पसरलेलं, त्यावर केस तसेच.

"बस," एमलिन म्हणाला. "ऐक ह्यांचा तमाशा. हो म्हणवंना, न्हाई बी म्हणवंना. अरं, एकदाचं काय ते बोला! भाईर तर भाईर, ऱ्हायचं तर ऱ्हायचं. माणूस त्या बेतानं आपला कामाला लागंल. नवं कुत्रं घ्यायचं तर घडवायला दोन वर्सं जात्यात. दोन वर्सांनी आपलं कोकरू कोण घेणार हाय का न्हाई ह्ये ठाव न्हाई, मंग पिल्लू आणू कशाला? मॉट असता तर रेटलं असतं म्हणा. त्याच्या जिवावर अजून चार वर्सं काढली असती."

इदवालच्या तोंडाशी आलं होतं. त्यानं तोंड उघडलं. म्हणाला, "तुझ्या वरच्या अंगाचा बांध ढासाळलाय. दगडं लावाय येऊ का?"

"ये की," एमलिन म्हणाला. "तुझ्यासारखा शेजारी हाय म्हणून चाललंय."

इदवाल आठवडाभर जाऊन दगड लावत होता. एमलिन त्याला चहा आणून देत होता, मनुकांच्या पावाची लोणी लावलेली फोड देत होता. दगड सगळे लागले, तो एक शब्द काही निघाला नाही.

मार्चमध्ये लंडनला आठ वाटा मांडल्या, आठही नाकारल्या. बाहेर पडायची तारीखही पुढं ढकलली, एप्रिलवर. इदवालनंही मनाशी ठरवलं, आता मेंढ्या विणार, ह्या धांदलीत नको, विणं झालं की सांगू. विणं झालं. लंडननं तारीख ढकलली ऑक्टोबरअखेरवर. इदवाल म्हणाला, लोकर कातरून होऊ दे. टीव्हीवर त्या सभागृहातली माणसं ओरडताना दिसली की तो उठून टीव्ही बंद करायचा. मेन्नाला वाटायचं, ह्यांची बाजू अडलीय म्हणून वैतागलेत.

जुलैत हाफोदला कातरणी होती. आम्ही सगळी घरं तिथं. दुपारी जेवायला बसलो तेव्हा एमलिन उठून उभा राहिला. तो कधी उभा राहून बोलायचा नाही.

"सप्टेंबरच्या बाजारात माझा कळप जाणार," तो म्हणाला. "सगळा. लंडनवाल्यांची वाट बघून म्या थकलो. आन कुत्र्याबिगर डोंगरावर म्या काय करू? तुमा सगळ्यांना आधी सांगाय पायजे म्हणून सांगितलं."

कुणाच्या हातातला घास तोंडात गेला नाही. डोंगरावरचा कळप बाजारात फुटणं म्हणजे घर मोडणं. जमीन दुसऱ्याला गेली तरी कळप रानासोबत राहतो. गार्थचा कळप फुटलेला कुणाच्या आज्यानं बघितला नव्हता.

सगळे इदवालकडं बघायला लागले. म्होरक्या तो, जोडीदार तो. मेन्ना म्हणाली, "अहो, बोला की! तुमचं ऐकत्यात ते."

इदवाल आपल्या हातांकडं बघत होता. लोकरीच्या तेलानं चकचकीत झालेले हात. म्हणाला, "ज्याचा त्यो शाणा हाय."

मी तिथंच बोलले, "इदवालकाका, एवढंच? तीस वर्सं ह्यो माणूस तुमच्या पुढ्यात मेंढरं आणतुय, आन एवढंच?"

तो उठून गोठ्यामागं गेला. मी मागोमाग गेले, भांडायलाच. तो त्या जुन्या काळ्या प्लास्टिकच्या ढिगाकडं तोंड करून उभा होता. मला म्हणाला, "जा पोरी. जा हितनं." आवाज असा की मी भांडण विसरून परत फिरले.

सप्टेंबरचा बाजार. आमच्यात डोंगरावरचा पुरा कळप विकायला आला की एक रीत आहे. बोली लागायच्या आधी हाक्याचा म्होरक्या रिंगणात उतरतो आणि त्या कळपाबद्दल दोन शब्द बोलतो. मेंढरं कशी, रान कसं, मालक कसा. घेणाऱ्याला खात्री पटावी आणि विकणाऱ्याचा मान राहावा म्हणून. तेव्हा इदवालला सुटका नव्हती.

गार्थची मेंढरं कठड्यांच्या कप्प्याकप्प्यांत भरली होती, ढुंगणावर एमलिनच्या खुणेचा तांबडा गेरू. खालच्या सपाटीचे व्यापारी कठड्याला रेलून उभे. रिंगणात एमलिन काठी टेकून उभा, अंगात प्रार्थनेला घालायचा कोट. लिलाववाला म्हणाला, "हाफोदच्या इदवालनं दोन शब्द बोलावेत."

इदवाल उतरला. टोपी हातात.

"ही मेंढरं," तो म्हणाला, आणि थांबला. "ह्या डोंगरावर ह्यांच्यापरीस चांगली मेंढरं न्हाईत. माझी बी न्हाईत. एमलिननं ह्यांना..." पुन्हा थांबला. कुणीतरी खोकलं. लिलाववाल्याला वाटलं म्हाताऱ्याला भरून आलं, तो पुढं यायला लागला. इदवालनं त्याला हातानं थोपवलं.

"ही का विकायला लागली त्ये सांगतू. म्या खिंड सोडली. त्या दिशी ह्यो माझ्यावर हसला म्हणून म्या रागानं धुक्यात खिंड सोडून खाली आलो. ह्याची हाक यायच्या आधी. मेंढरं कड्यावर चढली ती माझ्यामुळं. मॉटची काय चूक न्हाई. म्या खोटं बोललो. कुत्र्यावर घातलं. दहा महिनं झालं, ह्याच्या घरी बसून लोणी-पाव खाल्ला आन खोटंच बोलत ऱ्हायलो."

वर बाकावर मेन्ना बसली होती. तिनं तोंडावर हात धरला नाही, रडली नाही, नवऱ्याकडं नुसती बघत राहिली, पहिल्यांदाच बघत असल्यासारखी. पायथ्याशी मीही हसले होते.

लिलाववाला हलक्या आवाजात एमलिनला म्हणाला, "काय करू? लावू बोली, का मेंढरं माघारी न्यायची? अजून काय बिघडलं न्हाई."

आम्हा सगळ्यांना वाटलं, सुटलं आता. मॉट निर्दोष, म्हणजे कुत्रा परत आला, म्हणजे कळप राहिला. मी तर उठून उभीच राहिले होते, ट्रॉली मागं घ्यायला.

एमलिननं मेंढरांवरनं एकदा नजर फिरवली. मग म्हणाला, "लाव बोली."

"अरं पर एमलिन..." इदवाल म्हणाला.

"कुत्र्यापायी विकत हुतो तवा जिवाला लागत हुतं," एमलिन म्हणाला. आवाज चढवला नाही, नेहमीसारखा सावकाश. "वाटायचं, घाई करतुय का म्या? लंडनचं कवातरी मिटंल, दुसरं कुत्रं बी घडंल. पर आता कसं हाय इदवाल, म्या मागनं मेंढरं हाकत यायचं, आन धुक्यात फुडं खिंडीत माणूस उभा हाय का न्हाई त्ये मला ठाव नसणार. तसं न्हाई मेंढरं राखता येत. लाव रं बोली."

बोली लागली. कप्प्यामागून कप्पा रिकामा झाला, मेंढरं वेगवेगळ्या ट्रकांत, वेगवेगळ्या गावांना गेली. इदवाल रिंगणातून बाहेर यायचं विसरला. मेंढरं त्याच्या दोन्ही बाजूंनी जात होती. सगळं उरकल्यावर तो एमलिनच्या मागं गाडीपर्यंत गेला. "एमलिन, गड्या, ऐकून तरी घे."

एमलिननं दार उघडून आत बसत म्हटलं, "माझ्यापाशी काय सांगतुस? माझं काय तू नाव खराब केलं न्हाईस. ज्याचं केलंस त्याला जाऊन सांग."

आणि इदवाल गेला. हे मला ग्लेनिसनं सांगितलं. दारात टोपी हातात धरून उभा. तिला भावाचा फोन आलाच होता. म्हणाली, "बूट पुसा आन आत या." मॉट गालिच्यावर पडला होता, बिस्किटं खाऊन गरगरीत झालेला. इदवाल त्याच्यापुढं गुडघ्यावर बसला. काय बोलला ते ग्लेनिसला ऐकू आलं नाही. ती म्हणाली, मी मुद्दाम स्वयंपाकघरात गेले, म्हाताऱ्या माणसाला तसं बघवत नाही. परत आली तेव्हा मॉट उठून इदवालच्या विजारीचा वास घेत होता. मेंढरांचा वास. वरपासून खालपर्यंत हुंगलं, मग दाराकडं जाऊन उभा राहिला आणि एमलिन मागं आहे का म्हणून बघायला लागला. बराच वेळ बघत होता, मग परत येऊन पडला.

त्या आठवड्यात एमलिननं मॉटला घरी आणलं. मेंढरं नसलेल्या घरी.

पुढं काय होणार हे आम्हाला दिसत होतं, इदवालला तर सगळ्यात जास्त. गार्थचं रान रिकामं पडलं. गवत वाढलं. इदवालच्या मेंढ्यांपुढं आता कुणाची मेंढी उभी नव्हती. आधी एक-दोन पलीकडं गेल्या, मग सगळाच कळप सरकायला लागला. खिंडीपार, मागच्या उतारानं खाली, थेट एमलिनच्या परसापर्यंत.

ऑक्टोबरअखेरची तारीख आली आणि तीही लंडननं पुढं ढकलली. त्याच सुमाराला नोव्हेंबरचा हाका. पायथ्याला सगळे जमलो. इदवालनं जागा वाटून द्यायला तोंड उघडलं, आणि खिंडीचं नाव घ्यायची वेळ आली तसा अडला. कुणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं. शेवटी मीच म्हटलं, "काका, खिंडीत मी उभी राहते." तो नुसती मान हलवून खालच्या वाड्याकडं गेला, फाटक धरायला. ते पोराटोरांचं काम.

पण त्याची अर्धी मेंढरं डोंगरावर नव्हतीच. संध्याकाळी गार्थहून मला फोन आला. मला, इदवालला नाही. "हाफोदची पाव्हणी माझ्या परसात हाईत. त्याला म्हणावं, घिऊन जा."

मी इदवालला गाडीत घालून घेऊन गेले. गार्थच्या उतारावर एमलिन उभा होता, हात खिशात. खाली मॉट, गरगरीत, पोट जमिनीला टेकायला आता वाकायचीही गरज नसलेला, इदवालच्या मेंढ्या वळवत होता. जोरात नाही. एकही मेंढी पळाली नाही, एकीनं मान वर केली नाही. सगळी ओळीनं कोंडवाड्यात गेली, आपल्याच मनानं गेल्यासारखी. इदवाल फाटकाशी उभं राहून ते सगळं शेवटपर्यंत बघत होता. त्याला ते बघावं लागलं.

आमच्यात चुकलेली मेंढरं न्यायला आलेल्या माणसाला चहा देतात. वैरी असला तरी देतात. एमलिननं मेंढरांना वैरण टाकली होती, कुंडीत ताजं पाणी भरून ठेवलं होतं. फाटकाची कडी काढली, इदवालच्या मेंढ्या मोजून बाहेर सोडल्या, एकही चुकवली नाही. मग मॉटला शीळ घातली आणि घरात गेला. दार लावलं. आतून किटलीची शिट्टी ऐकू आली.

पुढच्या आठवड्यात मेंढरं पुन्हा तिथंच होती. त्याच्या पुढच्याही. अडवायला कुणी नव्हतं, ती जाणारच. इदवाल आता दर शनिवारी सकाळी चालत गार्थला जातो, खाली बघत. फाटकापाशी पोचला की टोपी काढतो आणि एमलिननं कडी काढेपर्यंत बाहेर उभा राहतो. फाटकाला कुलूप नाही. आधी उघडून आत जायचा. आता थांबतो.